‘हजार’ अरबी नव्हे

‘सहस्र हा आपला आणि हजार हा अरबस्तानातून आलेला शब्द’ असे आजही ठामपणे सांगितले जाते. मात्र अरबीत हजाराला ‘अल्फ’ म्हणतात. ‘हजार’ हा अस्सल फारसी शब्द असून त्याचे अवेस्तातील (पारशी धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेतील) रूप ‘हजंग्र’ आहे, आणि ते ‘सहस्र’चे सख्खे भावंड आहे. संस्कृतातला ‘स’ इराणी भाषांत बहुधा ‘ह’ होतो, जसे सप्तचे ‘हप्त’ आणि सोमचे ‘हओम’; तर संस्कृतातील ‘ह’च्या जागी तिथे अनेकदा ‘ज’ येतो, जसे हस्तचे ‘जस्त’. हे दोन्ही बदल ‘सहस्र’ला लावून पाहावेत.

म्हणून ‘हजार’ हा सहस्रचा अपभ्रंश आहे, हे उलट टोकाचे विधानही (तेही तितक्याच आवेशाने केले जाते) चुकीचे ठरते, कारण दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून स्वतंत्रपणे घडले.

फारसीत हा शब्द नेमक्या संख्येपुरता कधीच राहिला नाही: गोमेला ‘हजारपा’ म्हणतात आणि बुलबुलाला ‘हजारदास्तान’. पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना मिळालेल्या पंचहजारी मनसबीतला आकडाही प्रामुख्याने दर्जा दाखवणारा होता. ‘हजर’ आणि ‘हजेरी’ मात्र खरोखरच अरबी असून त्यांचा हजाराशी काहीही संबंध नाही.