लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा येतायत? चिप बदलायच्या आधी हे वाचा

स्क्रीनवर उभ्या रेघा, रंगीत ठिपके, मध्येच सगळं काळं आणि पंखा मात्र फिरतोय, असा जुना लॅपटॉप घेऊन बरेच जण आमच्याकडे येतात आणि बहुतेकांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं की ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप, गेलं. गेलं असेलही, पण आधी घरीच एक करून बघा, लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर कार्ड बहुतेक ठीक आहे, दोष स्क्रीनचा नाहीतर तिच्या केबलचा. टीव्हीवरही त्याच रेघा दिसल्या तर मग कार्डावर संशय.

मागे एक काका आले होते, त्यांना दुसरीकडे चिप बदलायचा खर्च सांगितला होता. आम्ही झाकण हळूहळू पुढे-मागे केलं तर रेघा कमी-जास्त व्हायला लागल्या. खोलून बघितलं तर झाकणाच्या बिजागरीपाशी स्क्रीनची केबल घासून आतली तांब्याची तार दिसत होती. केबल बदलली, काम झालं. चिपला हातही लावावा लागला नाही.

अजून एक, चालू करताना कंपनीचा लोगो येतो तेव्हापासूनच रेघा असतील तर विंडोज फॉरमॅट करून काही उपयोग नाही, पैसे घालवू नका. विंडोज सुरू झाल्यावरच गडबड होत असेल तर आधी ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकून बघा. सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालवायची सोय) नीट चाललं म्हणजे कार्ड चांगलंच आहे असं मात्र नाही, कारण तिथे कार्डाला जेमतेमच काम असतं. स्क्रीन एकदम काळीच असेल तर रॅम काढून पुन्हा बसवून बघा, कधी कधी तेवढंच असतं.

आता कार्ड खरंच गेलं असेल तर. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डवरच सोल्डर केलेली चिप असते, सहज काढून दुसरं लावता येत नाही. रोज तापून रोज गार होऊन तिचे बारीक जोड तडकतात. हे मोठ्या कंपन्यांनाही चुकलं नाही, 2008 मध्ये ग्राफिक चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने लॅपटॉपच्या खराब चिपांसाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले होते आणि 2011 च्या मॅकबुक प्रोसाठी अ‍ॅपलला 2015 मध्ये फुकट रिपेअर सुरू करावं लागलं.

काही ठिकाणी चिपला हॉट एअरने गरम करून देतात. लॅपटॉप चालू होतो, गिऱ्हाईक खूश, आणि काही दिवसांनी परत तेच. कारण तडा बऱ्याचदा चिपच्या आतल्या बारीक जोडांमध्ये असतो, चिपखालच्या सोल्डरच्या गोळ्यांमध्ये नाही, त्यामुळे रिबॉलिंग, म्हणजे त्या गोळ्या नव्याने बसवणं, केलं तरी मूळ दुखणं तसंच राहतं. आम्ही नुसतं गरम करून देत नाही आणि त्याचे पैसेही घेत नाही. नवीन चिप मिळत असेल तरच बदलतो, नाहीतर तसं स्पष्ट सांगतो. आणि यूट्यूबवर बघून बोर्ड घरच्या ओव्हनमध्ये घालू नका प्लीज, प्लास्टिकचे कनेक्टर वितळतात आणि त्या वाफा जेवणाच्या भांड्यात नकोत.

दोन ग्राफिक (एक वेगळं कार्ड, एक प्रोसेसरच्या आतलं) असलेल्या लॅपटॉपमध्ये स्वस्तातला मार्ग असतो, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ऑप्शन असेल तर कार्ड बंद करून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकवर चालवायचं. गेम चालणार नाहीत, काही मॉडेलमध्ये एचडीएमआय पण बंद पडतं, पण टॅली, मुलांचे क्लास, पिक्चर बघणं व्यवस्थित चालतं. जुन्या मशीनला आम्ही आधी हेच सुचवतो.

गादीवर ठेवून वापरणं सोडा, खालून हवाच मिळत नाही. पंख्याच्या जाळीवर धुळीचा अक्षरशः गोधडीसारखा थर निघतो, वर्षातून एकदा साफ करून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलून घ्या.

डेटाची काळजी करू नका, हार्ड डिस्क वेगळी असते, कार्ड गेलं म्हणून फोटो जात नाहीत. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की शोधून ठेवा. लॅपटॉप आणताना चार्जर आणा, आणि रेघा आल्या तेव्हाचा मोबाईलवर काढलेला फोटो असेल तर तो पण, कारण इथे आल्यावर नेमका नीट चालतो.