कॅम बदलायचाय? आधी इनटेक कधी बंद होतो ते बघा

परफॉर्मन्स कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारा दांडा) टाकला की स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, गाडी उडायला लागते असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. टाकला एक, अगदी कॅटलॉगमधला सगळ्यात तगडा. स्टार्ट केली तर आयडलिंगला असा धबक-धबक आवाज की मी जाम खूश, आणि मग पहिल्याच सिग्नलला क्लच सोडला तर गाडी उचलेचना. बंदच पडली. साडेचार हजार आरपीएमपर्यंत नुसते आचके, त्याच्यावर गेली की एकदम जीव यायचा, पण रोजच्या चालवण्यात तिथवर जातो कोण?

आता असं का झालं ते बघू. कॅमशाफ्ट, म्हणजे हाच कॅम, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) निम्म्या स्पीडने फिरतो, कारण चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँकचे दोन फेरे होतात आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. शाळेत शिकवतात की पिस्टन खाली जाताना इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडा आणि पिस्टन तळाला पोचला की बंद, म्हणजे सरळ १८० डिग्री. प्रत्यक्षात असं कुठलंच इंजिन चालत नाही, कारण हवेला वजन असतं. एकदा पळायला लागलेली हवा पिस्टन थांबला म्हणून थांबत नाही, दारातल्या गर्दीत पुढचे अडले तरी मागचे रेटत राहतात ना, तसंच. म्हणून इनटेक समजा पिस्टन वर पोचायच्या १० डिग्री आधी उघडतो आणि तळ गाठून वर निघाल्यावर ४० डिग्रीने बंद होतो, झाले २३०. यालाच ड्युरेशन म्हणतात.

९००० आरपीएमला हे २३० डिग्री फक्त सव्वाचार मिलिसेकंदात उरकतात, ३००० ला मात्र पावणेतेरा मिलिसेकंद मिळतात. हवा तीच, व्हॉल्व्ह तोच, वेळ तिप्पट. तगडा कॅम इनटेक अजून उशिरा बंद करतो, ६५-७० डिग्रीला. वरच्या आरपीएमला हे भारीच, हवा वेगात असते त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत आत घुसत राहते, पण खालच्या आरपीएमला तिच्यात तेवढा जोर नसतो आणि वर येणारा पिस्टन आत घेतलेलं हवा-पेट्रोलचं मिक्श्चर सरळ इनटेकमध्ये परत ढकलतो. कम्प्रेशन खरं सुरू होतं व्हॉल्व्ह बंद झाल्यावर, त्यामुळे कंपनीने लिहिलेला कम्प्रेशन रेशो कागदावरच राहतो आणि सिग्नलला गाडी माझ्यासारखी मान टाकते.

मग लोक डायनोवर (पॉवर मोजायचं मशीन) पॉवर वाढलेली दाखवतात ती खोटी असते का? नाही. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. ६००० ला २० न्यूटन-मीटर असेल तर साधारण साडेबारा किलोवॅट होतात आणि ८५०० ला १८ च असला तरी १६. टॉर्क कमी झाला, पॉवर वाढली! पण स्टॉक ईसीयूचा (इंजिनाचा कॉम्प्युटर) लिमिटर ८००० ला कापत असेल तर ते १६ तुम्हाला दिसणारच नाहीत. आणि लांब स्ट्रोकच्या इंजिनाला तिकडे न्यायचंच कशाला, ९० मिलिमीटर स्ट्रोक असेल तर ७००० आरपीएमलाच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर होतो, स्टॉक पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडकडून याहून जास्त मागू नये असं माझं मत.

ज्या आवाजावर मी भाळलो होतो त्याचं कारण ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बंद व्हायच्या आतच इनटेक उघडतो तो काळ. साध्या कॅमला तो २० डिग्रीच्या आसपास असतो, तगड्याला ६० च्या पुढे. वर रेव्ह केल्यावर बाहेर धावणारा धूर ताज्या मिक्श्चरला ओढून घेतो, पण आयडलिंगला तोच धूर उलटा आत येतो आणि एखादा स्फोट धड होतो, एखादा होतच नाही. थोडक्यात, धबक-धबक म्हणजे मिसिंगच, फक्त महागडं. त्यात सायलेन्सर स्टॉक असेल तर धुराला बाहेर जायला आधीच अडथळा, म्हणजे ओव्हरलॅपचा फायदा कमी आणि त्रास तेवढाच.

लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्याचा, मोह फार करू नका. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव भागाइतका उचलला की कडेची वाट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते, ३२ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला ८, आणि त्यापुढे पोर्टच आडवा येतो. वर स्प्रिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

मग घ्यायचा कुठला? सायलेन्सर, एअरबॉक्स, कम्प्रेशन सगळं स्टॉक ठेवणार असाल तर इनटेक बंद होण्याचा आकडा स्टॉकपेक्षा ५ ते १० डिग्रीच उशिराचा असलेला. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच लिफ्टवर, समजा १ मिलिमीटरवर मोजलेत ना ते बघा, कारण कोणी व्हॉल्व्ह सीटवरून हलल्यापासून मोजतं, कोणी १ मिलिमीटरवरून, आणि एकाच कॅमच्या ड्युरेशनमध्ये तीस-चाळीस डिग्रींचा फरक सहज दिसतो. इंधनाचं मॅपिंग किंवा कार्ब्युरेटरचं जेटिंग, म्हणजे हवेला किती पेट्रोल द्यायचं ते, परत करावं लागेल हे धरूनच चला. सिंगल सिलिंडर असेल तर अजून एक, बऱ्याच स्टॉक कॅमवर एक छोटा डीकम्प्रेसर असतो जो स्टार्ट करताना एक्झॉस्ट किंचित उचलून धरतो, नव्यावर तो नसेल तर स्टार्टर रडणार.

आणि बसवताना व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती फट राहते ते बघायची मातीची टेस्ट चुकवू नका. पिस्टनच्या डोक्यावर जिथे व्हॉल्व्हचे खड्डे आहेत तिथे मुलांची खेळायची माती थापायची, वर तेलाचा हात फिरवायचा म्हणजे चिकटत नाही, गॅस्केटसकट हेड बसवून टायमिंग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायचे, इंजिन हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवायचं, अडलं तर जोर करायचा नाही. मग हेड काढून मातीत उमटलेला चंद्रकोरीसारखा ठसा ब्लेडने कापायचा आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजायची. इनटेकला निदान १ मिलिमीटर, एक्झॉस्टला दीड तरी हवी, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागे धावत येत असतो म्हणून तिकडे जास्त. माझ्या त्या तगड्या कॅमची ही माती मी बघितलीच नव्हती, काढताना बघितली तर एक्झॉस्टला जेमतेम पाऊण मिलिमीटर.