पन्नासची लेन्स घेताना: १.८ की १.४?

जळगाव-धुळ्याकडे लग्नाची शूटिंग करणाऱ्यांत ‘पन्नासची लेन्स’ म्हटलं की दोन लेन्सांची गल्लत हमखास होते. कॅननच्या ईएफ माउंटपुरतं (डीएसएलआर बॉडीवर लेन्स बसायची जोडणी) बोलू: १९९३ची ५० एमएम एफ/१.४ यूएसएम आणि २०१५ची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. यूएसएम-एसटीएम ही फोकसच्या मोटरची नावं; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं.

उजेडातला फरक दोन तृतीयांश स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कानबाईच्या (खानदेशातला देवीचा सण) रात्री घरात १/१०० शटरवर एफ/१.८ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० लागत असेल, तर एफ/१.४ला २००० पुरतो. पण १.४ पूर्ण उघडी ठेवली की दिव्यांच्या आणि दागिन्यांच्या कडांभोवती धुरकट चमक येते, म्हणून बरेच जण ती एफ/२वरच वापरतात. तसंच करायचं असेल तर जास्तीचे पैसे कशाला? फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरची बॉडी) दीड मीटरवरून फोकसची खोली, म्हणजे धारदार येणारा पट्टा, १.४ला साडेसात सेंमी, १.८ला साडेनऊ, नथ धारदार आली तर कान दोन्हींत सुटतो. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरची) दोन्ही ८० एमएमसारख्या दिसतात, लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते.

खरा फरक फोकसच्या रिंगमध्ये आहे. १.४ची रिंग ऑटोफोकस चालू असतानाही हाताने थेट फिरवता येते, अंतराचे आकडे खिडकीत दिसतात. १.८ची रिंग मोटरला नुसता इशारा देते. कॅमेरा बंद असला तर रिंग फिरते, काच हलत नाही. जवळचा फोकस घेतल्यावर पुढची नळी बाहेर येते आणि बंद केल्यावर तशीच राहू शकते. काही बॉडी ती आपोआप आत घेतात, सगळ्या नाही. म्हणून आधी इन्फिनिटीवर (सगळ्यात लांबच्या फोकसवर) आणा, मगच बंद करून बॅगेत ठेवा. व्हिडिओला मात्र हिचीच मोटर शांत. जवळ जायलाही हीच बरी: ३५ सेंमी, १.४ला ४५.

१.४चं दुखणं वेगळं. तिचीही नळी बाहेर येते, आणि त्या नळीला धक्का बसला की आतली खाच वाकते, मग ऑटोफोकस मधेच अडकतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या गर्दीत हे सहज होतं. उपाय साधा: हूड (लेन्सच्या तोंडावरची टोपीसारखी कडा) कायम लावून ठेवा. तो बाहेरच्या नळकांड्यावर बसतो, धक्का स्वतः झेलतो. तापीकाठच्या धुळीचं म्हणाल तर दोन्हींना धूळ अडवणारं सील नाही. लेन्स बदलायची तर गाडीत बसून बदला.

मे महिन्यातल्या उन्हात आयएसओ १००वर एफ/१.८ला १/१०००० शटर लागतं, १.४ला १/१६०००. १/४०००वर थांबणाऱ्या बॉडीला एनडी८ फिल्टर (उजेड एक अष्टमांश करणारी काळसर काच) हवाच: १.८ला ४९ एमएमचा, १.४ला ५८चा. वजन १.८चं १६० ग्रॅम, १.४चं २९०.

जुनी १.४ घेत असाल तर मॅन्युअलवर टाकून रिंग जवळच्या टोकापासून इन्फिनिटीपर्यंत सावकाश फिरवा. मधे कुठे खरखर लागली किंवा जड झाली, तर सौदा सोडा.