लिंबू भाषेतले चार ‘आम्ही’

डोंगरातल्या जमातींच्या ‘बोलींना’ व्याकरण नसते, असे चांगले शिकलेले लोकही बिनदिक्कत सांगतात. पूर्व नेपाळ आणि सिक्कीममधील लिंबू लोकांची भाषा त्यांनी एकदा पाहावी. हे लोक स्वतःला याक्थुम्बा म्हणवतात. त्यांची भाषा तिबेटी-बर्मी कुळाच्या किराती शाखेतली असून तिला सिरीजुंगा ही स्वतःची लिपी आहे.

‘आम्ही निघतो’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो आणि ‘आपण निघू’ म्हटले की तो सोबत येतो, हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. हिंदीतल्या ‘हम’ला मात्र तो दाखवता येत नाही. लिंबूच्या फेदाप्पे बोलीत याच भेदाला द्विवचनाची जोड मिळते. ‘अन्छि’ म्हणजे तू आणि मी, ‘अन्छिगे’ म्हणजे तुला वगळून आम्ही दोघे, ‘अनि’ म्हणजे आपण सगळे आणि ‘अनिगे’ म्हणजे तुला वगळून आम्ही सगळे. यातला ‘गे’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, तर ‘छि’ दोघांची खूण आहे. म्हणूनच तू ‘खेने’, तुम्ही दोघे ‘खेन्छि’ आणि तुम्ही सगळे ‘खेनि’.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘तू पोळी खाल्लीस’ यातल्या ‘खाल्लीस’मध्ये ‘ई’ पोळीची आणि ‘स’ खाणाऱ्याचा, म्हणजे कर्ता व कर्म दोघांच्याही खुणा एकाच रूपात आल्या आहेत. मराठीत हे काही ठिकाणीच घडते. लिंबूत सकर्मक क्रियापदांचा तो नेहमीचा व्यवहार आहे. ‘हिप्तुङ’ म्हणजे मी त्याला मारले: ‘हिप्त’ हा धातू, ‘उ’ मार खाणाऱ्या तिसऱ्याचा, ‘ङ’ माझा. मारणारा मी आणि मार खाणारा तू असलास, तर ‘ने’ हा एकच प्रत्यय दोघांनाही पुरतो आणि ‘हिप्ने’ हे रूप होते. कर्ता आणि कर्म यांचे पुरुष व वचन बदलत गेले की अशा रूपांचा मोठा तक्ता तयार होतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज व्हॅन ड्रीम यांनी १९८७ मध्ये फेदाप्पेचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात तो मांडलेला आहे.

यावरून लिंबू माणसे अधिक आपुलकीची असतात, असा निष्कर्ष काढणे हाही भाबडेपणाच. सर्वनामांवरून स्वभाव ठरत असता, तर ‘आपण’ म्हणणाऱ्या मराठी घरांत भाऊबंदकी उरली नसती.

२०११ च्या जनगणनेत नेपाळमध्ये सुमारे ३.४ लाख लोकांनी लिंबू ही मातृभाषा नोंदवली. त्यांच्या भोवतीच्या बाजारात आणि कचेरीत चालते ती नेपाळी, आणि तिथे या चारही ‘आम्हीं’साठी ‘हामी’ हा एकच शब्द आहे.