पेन्टेकॉस्टल मंडळ्या आणि तरुणांमधील सेवाकार्य

पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती उपासक समाजांत, किशोरवयीन मुले आणि तरुण-तरुणी यांच्यासाठी, आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच हातून, चालणाऱ्या कामाला युवक सेवा म्हणतात. साप्ताहिक सभा, संगीत, शिबिरे, महाविद्यालयांतील प्रार्थनागट, व्यसनमुक्ती, सुवार्ताप्रसार ही तिची प्रमुख अंगे. पेन्टेकॉस्टल पंथ हा प्रॉटेस्टंट परंपरेतून विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेला प्रवाह. तारण झालेल्या, म्हणजे पापातून सुटका झालेल्या, माणसाला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा हा वेगळा अनुभव येतो, अन्य भाषांत बोलणे ही त्याची खूण असते आणि रोग बरे करण्याची, संदेश देण्याची कृपादाने आजही मिळतात, ही त्यातील मुख्य श्रद्धा. अन्य भाषांची खूण अनिवार्य आहे का, यावर मात्र पंथात मतभेद आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०११ च्या अहवालात जगातील पेन्टेकॉस्टल ख्रिस्ती सुमारे २७ कोटी ९० लाख धरले आहेत. जुन्या चर्चमध्ये राहूनच असे अनुभव मानणारे करिष्मावादी याखेरीज ३० कोटी ५० लाख.

या पंथात तरुणांना जे स्थान आहे त्याचे मूळ त्याच्या शिकवणीतच सापडते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र योएल संदेष्ट्याचे वचन सांगतो : देव आपला आत्मा सर्व मनुष्यमात्रावर ओतील, मुलगे आणि मुली संदेश देतील, तरुणांना दृष्टान्त होतील, दासदासींवरही आत्मा उतरेल. पेन्टेकॉस्टल लोक हे वचन आपल्या काळाला लागू करतात. धर्मशिक्षण आणि दीक्षा या पायऱ्या चढल्यावर बोलण्याचा अधिकार मिळतो, ही जुन्या चर्चची रीत. इथे सोळा वर्षांची मुलगी उपासनेत उभी राहून आपल्या अनुभवाची साक्ष देऊ शकते आणि वडीलधाऱ्यांनी ती ऐकायची असते. दुसरे कारण बाप्तिस्म्याचे. बहुतेक पेन्टेकॉस्टल मंडळ्या अर्भकांना बाप्तिस्मा देत नाहीत. बाळाचे समर्पण होते, त्याच्यासाठी प्रार्थना होते; पाण्यात पूर्ण बुडवून होणारा बाप्तिस्मा मात्र कळत्या वयात, स्वतःच्या कबुलीने घ्यायचा असतो. त्यामुळे पाळकाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचा, मुलगादेखील केवळ जन्माने विश्वासी ठरत नाही. प्रत्येक पिढीला सुरुवात स्वतःच करावी लागते आणि ती साधारणपणे किशोरवयात होते. युवक सेवा ही मंडळीच्या अस्तित्वाचाच प्रश्न बनते ती यामुळे.

आरंभीच्या इतिहासात तरुण चेहरे जागोजागी दिसतात. वेल्समधील १९०४-०५ चे संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, काटेकोर अर्थाने पेन्टेकॉस्टल नव्हते, पण पुढच्या घटनांना त्याने वाट करून दिली. न्यू की या गावात तरुणांच्या एका सभेत फ्लोरी इव्हान्स ही मुलगी उठली आणि आपले प्रभू येशूवर मनापासून प्रेम आहे, एवढेच बोलली. त्या संजीवनाच्या हकिकती बहुधा या प्रसंगापासून सुरू होतात. १९०४ च्या ऑक्टोबरअखेर इव्हान रॉबर्ट्स या २६ वर्षांच्या, पूर्वी कोळशाच्या खाणीत राबलेल्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या चॅपेलमध्ये तरुणांना थांबवून घेऊन सभा सुरू केल्या.

वेल्सची वार्ता केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात पोहोचली, तेव्हा तिथे शेकडो मुली आणि तरुण विधवा राहत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचलेल्या. जून १९०५ अखेरीस, पहाटेच्या सुमारास, एका तरुणीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारी झोपलेल्या मुलीलाही ज्वाळा दिसल्या. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि आता ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आले, की मैत्रीण जळत नाही. हा प्रसंग सदनातल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवला. पुढे पापकबुली, रडणे, तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना असे दिवस गेले आणि मुलींची प्रार्थनापथके आसपासच्या गावी जाऊ लागली. पंथाचा उगम म्हणून सहसा सांगितल्या जाणाऱ्या, लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील विल्यम सीमोर या उपदेशकाच्या सभा भरल्या त्या एप्रिल १९०६ मध्ये, म्हणजे यानंतर. सगळा उगम अमेरिकेतच शोधणाऱ्यांनी केडगावच्या मुलींकडे फार काळ दुर्लक्ष केले, ही चूक अलीकडच्या इतिहासकारांनी दुरुस्त केली आहे. अब्राम्स यांची पुस्तिका त्यांच्या जुन्या सहाध्यायिनीला, चिलीतील वाल्पाराइसो येथील विलिस हूवर या मेथडिस्ट मिशनऱ्याच्या पत्नीला, मिळाली आणि १९०९ मध्ये तिथे संजीवन झाले. चिलीतील पेन्टेकॉस्टल मंडळ्यांचा जन्म त्यातला.

संस्था उभ्या करणारेही वयाने लहानच होते. ब्राझीलमधील बेलेम येथे १९११ मध्ये काम सुरू करणाऱ्या दोन स्वीडिश माणसांपैकी डॅनिएल बर्ग २७ वर्षांचा होता. जॉर्ज जेफ्रीज यांनी १९१५ मध्ये आयर्लंडमधील मोनाहन येथे एलिम या पेन्टेकॉस्टल चळवळीचा पाया घातला तेव्हा त्यांचे वय २५ होते.

ही माणसे प्रौढ झाली, मुलाबाळांची झाली, आणि अडचण उभी राहिली. आईवडिलांनी अश्रू ढाळत जे मिळवले ते मुलांना घरात आयतेच होते. शिवाय पवित्र जीवनाचे कडक नियम होते. सिनेमा, नाच, दागिने, प्रसाधने निषिद्ध. काही मंडळ्यांत बायकांनी केस कापायचे नाहीत, हा नियम आजही आहे. जगापासून वेगळे राहण्याचा आनंद ज्यांनी स्वतः निवडला त्यांना ही बंधने जड वाटली नाहीत, पण शाळेत एकट्या पडणाऱ्या त्यांच्या मुलांना ती जड गेली. मग मंडळ्यांनी युवकांचे स्वतंत्र विभाग काढले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉड या अमेरिकी पेन्टेकॉस्टल संघटनेत ‘ख्राइस्ट्‌स अ‍ॅम्बेसेडर्स’ या नावाने युवक संघ वाढले. केरळच्या इंडियन पेन्टेकॉस्टल चर्चची पीवायपीए (पेन्टेकॉस्टल यंग पीपल्स असोसिएशन) ही तरुणांची संघटना याच जातकुळीची. या काळातला सर्वांत धाडसी उपक्रम १९४४ चा ‘स्पीड द लाइट’. मिशनऱ्यांना वाहने घेऊन देण्यासाठी अमेरिकेतील तरुणांनी निधी जमवला आणि महायुद्धानंतर त्यातून विमानेही घेतली, त्यांत बदल करून घेतलेले एक बी-१७ बॉम्बरही होते. मुलांना नुसते सांभाळायचे नसते, त्यांच्यावर मोठी जबाबदारी टाकायची असते, हे या मंडळ्यांना तेव्हा नेमके उमगले होते.

त्यापुढचे मोठे वळण चर्चच्या भिंतींबाहेर आले. पेनसिल्व्हेनियातील ग्रामीण पाळक डेव्हिड विल्करसन १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांतील मुलांना भेटायला गेले. त्या कामातून ‘टीन चॅलेंज’ ही व्यसनाधीन तरुणांसाठीची निवासी केंद्रे उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली. १९६० च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियात ‘जीझस चळवळ’ उसळली. लांब केसांचे, अनवाणी हिप्पी चर्चमध्ये आले ते गिटार घेऊनच. अनेक जुन्या सभासदांना ते रुचले नाही, पण उपासनेत पियानो-ऑर्गनची जागा बँडने घेण्याची सुरुवात तिथून झाली.

आफ्रिकेत हे काम विद्यापीठांनी वाहिले. नायजेरियात १९७० मध्ये यादवी युद्ध संपल्यावर विद्यार्थ्यांमध्ये संजीवनाची लाट आली. लागोस विद्यापीठात गणित शिकवणारे विल्यम कुमुयी यांनी १९७३ मध्ये १५ विद्यार्थ्यांसह आपल्या निवासस्थानी बायबल अभ्यास सुरू केला. त्याचीच पुढे डीपर लाइफ ही प्रचंड मंडळी झाली. घानात चर्च ऑफ पेन्टेकॉस्टची ‘पेन्सा’ ही विद्यार्थी संघटना महाविद्यालयांत काम करते. शहरात शिकायला आलेल्या, घरापासून तुटलेल्या मुलाला हे गट प्रार्थनेबरोबरच माणसे देतात, शिस्त देतात, आजारपणात जागणारे कुणीतरी देतात. एवढ्या झपाट्याने ते का वाढले, हे समजायला आकडेवारीपेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगी पडते. त्यांच्यातल्या काहींनी पुढे समृद्धीची सुवार्ता उचलली, हे खरे. विश्वास असेल तर नोकरी आणि पैसा मिळेलच, असे बेरोजगार पदवीधराला सांगणे क्रूर आहे, आणि ही टीका पंथातूनही होते.

आजच्या युवक सेवेचा आवाज मुख्यतः संगीताचा आहे. सिडनीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या हिलसाँग मंडळीच्या तरुणांचा बँड १९९८ मध्ये निघाला आणि पुढे जगभर ऐकला जाऊ लागला. प्लॅनेटशेकर्स ही ऑस्ट्रेलियातील युवक परिषद होती, तिची पुढे मेलबर्नमध्ये मंडळी झाली. ब्राझीलच्या बोला दे नेव्हे मंडळीत लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांसाठी सर्फबोर्डचेच व्यासपीठ केले आहे.

सगळ्याचा कळस असतो शिबिराच्या शेवटच्या रात्री. प्रवचन संपते, पण कीबोर्डवरचा संथ सूर थांबत नाही. पुढे या, असे आवाहन होते. खुर्च्या बाजूला सरकतात, मुले-मुली समोर गर्दी करतात, नेते खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. कुणी हुंदके देते, कुणाच्या तोंडून न शिकलेले शब्द वाहू लागतात, कुणी घरच्यांना क्षमा केल्याचे पुटपुटते. त्या रात्री घेतलेला निर्णय आयुष्यभर टिकल्याच्या साक्षी असंख्य आहेत आणि त्या प्रामाणिक आहेत. त्याच गर्दीत तळवे वर करून उभा असलेला, ज्याला काहीच होत नाही, असाही एखादा मुलगा असतो. युवक सेवेची कसोटी त्याच्यापाशी लागते. आपल्यातच काही खोट आहे असे त्याला वाटू दिले, किंवा अमुक अक्षरे म्हण म्हणून भरीस घातले, तर तो एक तर नाटक करायला शिकतो नाही तर गुपचूप निघून जातो. जाणते नेते अशी जबरदस्ती टाळतात, वाट पाहू देतात आणि शिबिरानंतरच्या महिन्यांत लहान गटांतून, बायबल अभ्यासातून त्याची सोबत करतात.

कोवळ्या मनांवर इतका खोल प्रभाव पडतो तिथे अधिकाराचा गैरवापरही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांच्या चौकशीसाठी २०१३ मध्ये काम सुरू केलेल्या शाही आयोगाने पेन्टेकॉस्टल मंडळ्यांच्या हाताळणीचीही उघड सुनावणी घेतली. आत्म्याने भरलेल्या सेवकावर संशय घेऊ नये, ही वृत्ती तिथे मुलांना महागात पडली होती. अनेक मंडळ्यांत आता युवक सेवेत घेण्यापूर्वी पार्श्वभूमी तपासतात, प्रौढाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नये असा नियम असतो, आणि प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवण्याआधी मुलाला विचारले जाते.