हरणाच्या शिकारीसाठी क्वार्टर-बोअर रायफलची गोळी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्वार्टर-बोअर, म्हणजे साधारण पाव इंची नळीची, रायफल बाळगणारा ग्राहक आला की बहुधा पहिले हेच विचारतो: “किती ग्रेनची घेऊ?” (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप.) त्यावर आम्ही दोन गोष्टी विचारतो. रायफल कोणत्या काडतुसाची आहे? आणि तुमच्या शिकारीच्या जागेत हरीण साधारण किती अंतरावर दिसते? एवढे कळले की गोळी हरणाला लागेल तेव्हा तिचा वेग किती उरला असेल, याचा अंदाज बांधता येतो. गोळीची बांधणी त्या वेगावरून ठरवायची आणि वजन त्यानंतर. आमच्या मते हाच क्रम बरोबर आहे.

आधी व्यास नीट पाहा

या रायफलींच्या गोळीचा खरा व्यास ०.२५७ इंच, म्हणजे ६.५३ मिलिमीटर असतो. ६.५ क्रीडमोर किंवा ६.५×५५ या काडतुसांची गोळी मात्र ०.२६४ इंचाची असते. आकडे जवळचे वाटले तरी गोळ्या वेगळ्या आहेत आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. घरी काडतुसे भरणाऱ्यांनी खोक्यावर .२५७ छापलेले वाचूनच खोके उचलावे.

एकच गोळी, निरनिराळे वेग

या घराण्यात .२५-३५ विंचेस्टर (१८९५), .२५०-३००० सॅव्हेज (१९१५; यालाच नुसते .२५० सॅव्हेज म्हणतात), .२५७ रॉबर्ट्स (रेमिंग्टनने बाजारात आणले १९३४ मध्ये), .२५-०६ रेमिंग्टन (१९६९) आणि १९४० च्या दशकातले .२५७ वेदरबी मॅग्नम ही मुख्य काडतुसे. गोळीचा व्यास सगळ्यांचा एक, पण दारूची जागा कमीजास्त. १०० ग्रेनची गोळी .२५० सॅव्हेजमधून सेकंदाला सुमारे २८०० फुटांनी निघते, .२५-०६ मधून ३२०० च्या आसपास, तर वेदरबीतून ३५०० च्याही वर. म्हणूनच मित्राच्या .२५० मध्ये उत्तम ठरलेली मऊ गोळी तुमच्या वेदरबीत, तीही चाळीस-पन्नास यार्डांवर, खांद्याच्या हाडावर फुटून जाऊ शकते.

हलक्या गोळीचा मोह

.२५०-३००० या नावातच वेगाची जाहिरात होती. सेकंदाला ३००० फूट गाठायचे म्हणून सॅव्हेज कंपनीने ८७ ग्रेनची गोळी धरली. काडतुसाचे जनक चार्ल्स न्यूटन यांचा कल १०० ग्रेनकडे होता, आणि हरणापुरते बोलायचे तर आम्ही न्यूटन यांच्या बाजूचे आहोत.

७५ ते ९० ग्रेनच्या शिसे-गाभ्याच्या बहुतेक गोळ्या कोल्हा, कायोटी, प्रेअरी डॉग अशा लहान प्राण्यांसाठी घडवलेल्या असतात. त्यांचे कवच पातळ असते आणि लागताक्षणी चिंधड्या व्हाव्यात हाच त्यांचा हेतू. हरणाच्या फुप्फुसांवर नेमकी बसली तर अशी गोळीही जनावर पाडते, हे खरे. पण हरीण त्या क्षणी अर्धे पाऊल पुढे सरकले, गोळी खांद्यावर बसली, तर वर मोठी उथळ जखम होते आणि आत काही पोचत नाही. ते हरीण पळून जाते आणि दोन दिवस तडफडून मरते. अशा प्रसंगाला कारण होणारी गोळी हरणासाठी म्हणून आम्ही देत नाही. कृपया आग्रह धरू नका.

अपवाद एकच: अखंड तांब्याची ८० ग्रेनची गोळी. तिच्यात शिशाचा गाभाच नाही, त्यामुळे ती फुटत नाही. वजनाचा आकडा एकटा काही सांगत नाही, तो याचसाठी.

बांधणीचे प्रकार

साधी गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आणि आत शिशाचा गाभा. टोकाशी शिसे उघडे असते, लागल्यावर ते मागे वळून अळंबीसारखे पसरते. मध्यम वेगात हिच्यासारखी भरवशाची आणि स्वस्त गोळी नाही. .२५० सॅव्हेज आणि .२५७ रॉबर्ट्स असणाऱ्यांना आम्ही १०० किंवा ११७ ग्रेनची हीच गोळी देतो (सैल पिळाच्या जुन्या .२५० ला १०० चीच; ‘नळीचा पीळ’ पाहा), आणि जास्त पैसे खर्च करू नका असेही सांगतो.

विभाजित गोळीत कवचाच्या मधोमध एक आडवी भिंत असते. पुढचा भाग पसरतो, मागचा अर्धा जसाच्या तसा राहून खोल जातो. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात ही रचना काढली, कारण त्या काळच्या गोळ्या जवळून मारलेल्या मूसच्या (उत्तरेकडच्या मोठ्या हरणाच्या) अंगात पुरेशा खोल जात नव्हत्या. जोडलेल्या गोळीत शिसे कवचाला धातूनेच सांधलेले असते, त्यामुळे हाडावर आपटूनही गाभा सुटत नाही. .२५-०६ आणि वेदरबीसाठी या दोन प्रकारांतली ११० ते १२० ग्रेनची गोळी डोळे मिटून घ्यावी.

रंगीत प्लास्टिकच्या टोकाबद्दल बरेच गैरसमज आहेत. ते टोक हवा कापते आणि लागल्यावर पाचरीसारखे आत घुसून गोळी उघडते. आतली बांधणी मात्र साधी, जोडलेली किंवा अखंड तांब्याची, काहीही असू शकते. टोक पाहून गोळी घेऊ नका, खोक्यावरचे वर्णन वाचा.

अखंड तांब्याच्या गोळीचे टोक पाकळ्यांसारखे उघडते आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकते. तिला वेग लागतो. वेग सेकंदाला २००० फुटांच्या खाली आला की तिच्या उघडण्यावर फार विसंबू नये. बनवणारे याहून कमी आकडा देतात, पण थोडी शिल्लक हाताशी असावी. शिशाच्या ११५-१२० ग्रेनच्या जागी तांब्याची १०० ग्रेनची घेतली की वेग वाढतो आणि गोळी खोल जाण्यात काही उणे पडत नाही.

नळीचा पीळ

तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहायला नळीच्या आतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा, अधिक जवळ हवेत. किती इंचांत एक फेरा पुरा होतो, तो नळीचा पीळ. जुन्या .२५० सॅव्हेज रायफलींत १४ इंचांना एक फेरा असा सैल पीळ असे. त्यांत साधी १०० ग्रेनची बहुधा चालते, त्याहून लांब गोळी मात्र आडवी होऊन कागदावर किल्लीच्या भोकासारखे छिद्र पाडते. रॉबर्ट्स आणि .२५-०६ यांचा पीळ सहसा १० इंचांना एक असतो, १२० ग्रेनपर्यंतच्या शिशाच्या गोळ्यांना तो पुरतो. १३० ग्रेनच्या वरच्या नव्या लांबट गोळ्यांसाठी साडेसात-आठ इंचांना एक फेरा असणारी नळी लागते. तुमची नळी तशी नसेल तर त्या खोक्याकडे पाहूही नका.

पीळ घरी मोजता येतो. रायफल रिकामी आहे ना हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट काढून ठेवा. साफ करण्याच्या गजाला, जो मुठीत मोकळा फिरतो असा, घट्ट चिंधी लावून तो नळीत थोडा आत ढकला. नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलने आडवी खूण करा आणि वरच्या बाजूला एक ठिपका द्या. आता गज सावकाश ओढा किंवा ढकला. तो आट्यांबरोबर फिरत जाईल. ठिपका एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आला की थांबा आणि आडवी खूण किती इंच सरकली ते मोजा. तोच तुमचा पीळ. दोन-तीनदा मोजा, कारण चिंधी घसरली तर आकडा चुकतो.

लिव्हर रायफलवाल्यांसाठी

.२५-३५ च्या लिव्हर रायफलींच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात आणि गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकते. टोकदार कडक गोळी तिथे धक्क्याने बार उडवू शकते. म्हणून चपट्या किंवा गोल तोंडाचीच गोळी वापरा. ११७ ग्रेनची या काडतुसाची जुनी सोबतीण आहे. व्हाइटटेल (अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरीण) १०० यार्डांच्या आत असेल तर ती अजूनही पुरेशी आहे.

कायदा

गोळी घेण्याआधी शिकारीच्या जागेचा नियम पाहा. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ बोअर आणि पसरणारी किमान ७० ग्रेनची गोळी लागते. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी किमान ०.२४० इंच बोअर आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ऊर्जा हवी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तिथे तांबेच घ्यावे लागेल. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हरणाची शिकार बंद आहे.

शिकारीआधी

ठरवलेली गोळी बदलली, नुसते वजन बदलले तरी, नेम पुन्हा लावावा लागतो. शंभर यार्डांवर एका गोळीने लावलेला नेम दुसरीला दोन-तीन इंच चुकू शकतो. दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांची एकेक खोकी घ्या, कागदावर मारून पाहा, आणि तुमच्या नळीतून जिची छिद्रे एकमेकांच्या सर्वांत जवळ पडतात ती निवडा. नळीची आवड आम्हाला आधी सांगता येत नाही.

सावजाला मारताना पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागावर नेम धरा. क्वार्टर-बोअरचा धक्का सौम्य असल्याने चाप ओढल्यावरही हरीण दुर्बिणीत दिसत राहते. ते कुठे गेले ते पाहून ठेवा आणि घाई न करता मागावर जा. रक्त फिकट गुलाबी, फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसांत बसली आहे आणि हरीण जवळच सापडेल. गडद, हिरवट, दुर्गंधी असेल तर पोटात लागली आहे. काही तास थांबून, शक्य तर माग काढणारा कुत्रा घेऊन जा.

गोळी घ्यायला येताना काडतुसाचे नाव, मोजलेला पीळ आणि शिकारीचे साधारण अंतर लिहून आणा. हरणाच्या अंगातून मिळालेली जुनी गोळी असेल तर तीही आणा. तिचे उरलेले वजन आम्ही मोफत तोलून देतो, त्यावरून पुढची गोळी मऊ हवी की कडक ते लगेच सांगता येते.