स्वयंपाकघरातली पाळी : बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या दिनक्रमामागचा इतिहास

शनिवारी पाळी बदलते. आठवडाभर ज्याने स्वयंपाकघर सांभाळलं त्याने सगळी झाडलोट करायची, सगळ्यांनी हातपाय पुसलेले पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धडधाकट कोठीप्रमुखाच्या ताब्यात द्यायची. मग पाळी संपलेला आणि पाळी सुरू होणारा, दोघांनी मिळून मठातल्या सगळ्यांचे पाय धुवायचे. हे सगळं सहाव्या शतकातल्या एका नियमावलीच्या 35व्या प्रकरणात इतकं बारीक लिहिलेलं आहे. वाढणाऱ्यांनी कुरकुर करू नये म्हणून जेवणाच्या वेळेआधी त्यांना पाव आणि पेय जास्तीचं द्यावं, हेही त्यातच. बेनेडिक्टाइन, म्हणजे ही नियमावली पाळणाऱ्या ख्रिस्ती सिस्टरांच्या रोजच्या जगण्याचा इतिहास मला या प्रकरणातून जितका कळतो, तितका मोठमोठ्या मठांच्या भव्य इमारतींतून कळत नाही.

नियमावली लिहिणारे नर्सियाचे बेनेडिक्ट यांचा जन्म इ.स. 480च्या सुमाराचा. 529च्या आसपास त्यांनी इटलीत मॉन्टे कसिनो इथे मठ उभा केला. नियमावलीची प्रकरणं 73, आणि ती पुरुषांच्या मठासाठी लिहिलेली. परंपरेनुसार त्यांची जुळी बहीण स्कोलास्टिका हीसुद्धा व्रतस्थ होती. वर्षातून एकदा दोघं भेटत. शेवटच्या भेटीत तिने रात्रभर बोलत बसूया म्हणून विनवलं, भाऊ नियमावर अडून बसला, तिने प्रार्थना केली आणि असं वादळ आलं की त्याला बाहेर पाऊल टाकता येईना. पोप ग्रेगरी यांनी लिहून ठेवलेली ही कथा सिस्टरांना फार प्रिय आहे, आणि का ते सांगायलाच नको.

स्त्रियांच्या मठांनी ही नियमावली लगेच स्वीकारली असं मात्र नाही. आर्लचे बिशप सिझेरियस यांनी आपल्या बहिणीच्या मठासाठी वेगळी नियमावली लिहिली होती आणि कितीतरी मठ दोनतीन नियमावल्या एकत्र करून चालत. नवव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट लुई द पायस याच्या काळात आखेनच्या धर्मसभांनी बेनेडिक्टच्या नियमावलीचा आग्रह धरला, आणि पुढे तीच प्रमाण ठरली.

दिवसाचा सांगाडा तेव्हापासूनचा : दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, मधल्या वेळात काम आणि वाचन. बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्यात एकदा म्हणून व्हायलाच हवीत. आपले पूर्वज ती एका दिवसात म्हणत, आपण मंद माणसं, निदान आठवड्यात तरी पुरी करू, असं बेनेडिक्ट म्हणतात. जेवताना एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी गप्प राहून ऐकायचं. काही हवं असेल तर खुणेने मागायचं. मठातली भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी हाताळायची. आणि ज्यावर मी नेहमी थबकते ती गोष्ट : स्वयंपाकाची नवी पाळी सुरू करणाऱ्याने ‘देवा, माझ्या साहाय्याला ये’ ही ओळ तीनदा म्हणायची. दिवसाच्या प्रार्थनांची सुरुवातही याच ओळीने होते.

पुढच्या शतकांत ही सांधलेली वीण उसवली. मठांत सरदार-घराण्यांतल्या मुली हुंडा घेऊन येऊ लागल्या. ज्यांना लॅटिन येई त्या प्रार्थना गाणाऱ्या, गायनवृंदातल्या भगिनी. ज्यांच्याकडे ना लॅटिन ना हुंडा, त्या ‘ले सिस्टर’ होऊन चूल, धुणं आणि बाग सांभाळत. त्यांना स्तोत्रांऐवजी ठरावीक वेळा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचं असे आणि मठाध्यक्षेच्या निवडणुकीत मत नसे. बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179) ही केवढी प्रतिभावंत स्त्री! तिने संगीत रचलं, औषधी वनस्पतींवर लिहिलं, 1150च्या सुमारास स्वतःचा मठ उभारला. पण फक्त उच्चकुलीन मुलींनाच का घेतेस, असं आंडरनाखच्या मठाची प्रमुख टेंक्सविंड हिने पत्रातून विचारलं तेव्हा तिचं उत्तर होतं, सगळी जनावरं एकाच गोठ्यात कोण बांधतं? हिल्डेगार्डबद्दल मनात कितीही आदर असला, तरी हे वाक्य टोचतंच.

याच काळात भिंतीही उंच होत गेल्या. 1298 मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनी सर्व व्रतस्थ स्त्रियांना मठाबाहेर पडायची बंदी केली. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ती पुन्हा घट्ट केली.

भिंतीला मोठं खिंडार पडलं ते शाळांमुळे. 1852 मध्ये बव्हेरियातल्या आइखश्टेटच्या मठातून बेनेडिक्टा रीप दोन सोबतिणींसह पेनसिल्व्हेनियात पोचल्या. जर्मन वस्तीतल्या मुलांना शिकवायचं होतं, त्यामुळे रात्रीच्या प्रार्थनेसाठी उठून सकाळी वर्गावर जायचं, असं ओढाताणीचं वेळापत्रक सुरू झालं. मठांवर अधिकार कुणाचा, यावरून रीप आणि तिथले मठाधिपती बोनिफेस विमर यांच्यात तीव्र संघर्ष झाला. 1862 मध्ये त्या मिनेसोटात वारल्या. तिथल्या सिस्टरांचा समुदाय पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या बेनेडिक्टाइन स्त्री-समुदायांपैकी एक झाला. अंतर आणि गरिबी दोन्ही होती, पण ‘गाणाऱ्या’ आणि ‘राबणाऱ्या’ हा फरक तिथेही सोबत आलाच होता.

तो मिटवायला 1965 साल उजाडावं लागलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने व्रतस्थ जीवनावरच्या आदेशात सांगितलं की स्त्रियांच्या समुदायांत भगिनींचा शक्यतो एकच वर्ग असावा. पाठोपाठ प्रार्थना लॅटिनमधून लोकभाषेत आल्या. पोशाखातल्या बदलाची चर्चा बाहेर जास्त झाली. माझ्या मते खरा बदल चॅपलच्या बाकांवर आणि स्वयंपाकघरातल्या पाळ्यांच्या फळ्यावर झाला. नियमावलीप्रमाणे मठातला क्रम प्रवेशाच्या तारखेवरून ठरतो. वय किंवा घराणं पाहायचं नाही. आता तो सगळ्यांनाच लागू झाला. डॉक्टरेट मिळवलेली सिस्टर कांदे चिरते, आणि महत्त्वाच्या निर्णयाला सगळ्यांना बोलावलं जातं, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच योग्य ते सुचवतो, असं तिसऱ्या प्रकरणात म्हटलंय.

आज अनेक मठांत संख्या घटली आहे. इंग्लंडमधल्या स्टॅनब्रुकच्या भगिनींनी 2009 मध्ये वुस्टरशरमधली अवाढव्य वास्तू सोडून यॉर्कशरमध्ये लहान मठात संसार मांडला. हात कमी झाले की पाळ्या लवकर फिरून येतात. मात्र 1965 नंतरची ती पहिली वर्षं मला सारखी आठवतात, म्हणजे त्यांबद्दल वाचलेलं. आयुष्यभर चुलीपाशी राबलेल्या सिस्टर साठी-सत्तरीत पहिल्यांदा गायनवृंदात आल्या, आणि स्वतःच्या भाषेतलं स्तोत्रांचं पुस्तक त्यांच्या हातात पडलं. ‘देवा, माझ्या साहाय्याला ये’, त्यांनी इतरांबरोबर म्हटलं.